आठवणीतल्या घराचा नकाशा : मिश्र माध्यमात कुटुंबाचे स्मृतिचित्र कसे करावे

माझ्या आजोळचे माण तालुक्यातील माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर आता उभे नाही. एका पावसाळ्यात त्याची मागची भिंत बसली, पुढे दगड आणि तुळया विकल्या गेल्या आणि जागा भावकीत वाटली गेली. त्या घरावर चित्र करायचे ठरवले तेव्हा मी सर्वप्रथम अल्बम उघडला आणि लक्षात आले की घराच्या आतला एकही फोटो आमच्याकडे नाही. जे आहेत ते तालुक्याच्या स्टुडिओत पडद्यापुढे काढलेले, नाहीतर लग्नकार्यात दारापुढे ओळीने उभे राहून काढलेले. चूल, न्हाणी, माजघर, गोठा यांचे फोटो कोणी कशाला काढील? बहुतेक मराठी घरांची हीच स्थिती असते, आणि म्हणूनच घराच्या आठवणींवर काम करताना केवळ जुने फोटो एकत्र चिकटवून भागत नाही. जे फोटोत नाही ते माती, कापड, अक्षर, दोरा आणि रेघ यांतून आणावे लागते, आणि मिश्र माध्यमाचा खरा उपयोग तिथेच आहे.

मिश्र माध्यम म्हणजे एकाच पृष्ठभागावर रंग, कागद, कापड, छायाचित्र, माती अशी निरनिराळी द्रव्ये वापरून केलेले काम. पिकासोने १९१२ साली एका स्थिरचित्रात वेताच्या खुर्चीची वीण रंगवण्याऐवजी तशी छपाई असलेले मेणकापड चिकटवले आणि कडेला चौकटीसारखा दोर गुंडाळला, तेव्हापासून आधुनिक चित्रकलेत ही वाट रूढ झाली. आपल्याकडे मात्र घरातल्या वापरून विटलेल्या लुगड्यांचे थर एकमेकांवर घालून, त्यांवर धावदोरा घालत गोधडी शिवणाऱ्या बायकांना ही गोष्ट कोणी शिकवावी लागली नव्हती.

पुढे दिलेली पद्धत मी स्वतः तीन चित्रे बिघडवून आणि दोन बऱ्यापैकी जमवून तयार केली आहे. पहिल्या कामासाठी साधारण ४५ × ६० सेंटीमीटर आकाराचा फलक पुरेसा होतो. याहून मोठा फलक घेतला की तो भरण्याच्या नादात नको त्या वस्तू आत येतात. सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्याने तयारीसकट दोन महिने धरावेत.

पहिली पायरी : सर्वांकडून नकाशा काढून घेणे

रंग, कात्री आणि गोंद बाजूला ठेवावे आणि एक साधा कागद घेऊन घराचा आराखडा आठवणीतून काढावा. मापाची चिंता करू नये आणि खोडरबर वापरू नये. नंतर तसाच कोरा कागद त्या घरात राहिलेल्या प्रत्येकाला द्यावा, पण एकमेकांचा कागद पाहू न देता. ही अट महत्त्वाची आहे, कारण एकत्र बसवले की घरातील सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाचा नकाशा सर्वांचा होतो.

वयस्कर मंडळी “मला कुठे चित्र काढता येते?” असे म्हणतात. त्यांना “जुन्या आठवणी सांगा” असे मोघम सांगितले तर नेहमीच्याच चार गोष्टी निघतात. त्याऐवजी जागेवर नेणारे प्रश्न विचारावेत : उंबरठा ओलांडल्यावर डाव्या हाताला काय होते? रात्री कंदील कुठे टांगत? पाहुणे आले की तुम्ही कुठे झोपत होतात? माळवदावर जाताना डोके कशाला लागायचे? शरीराला जागा आठवते, आणि शरीर एकदा त्या जागी उभे राहिले की बाकीचे आपोआप येते. बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करावे, मात्र तसे आधी सांगून.

माझी आई, मामा आणि धाकटी मावशी यांचे तीन कागद शेजारी ठेवले तेव्हा ते एका घराचे वाटेनात. आईच्या कागदावर स्वयंपाकघराने निम्मी जागा घेतली होती. मामांनी गोठ्यातल्या प्रत्येक जनावराची दावण दाखवली होती आणि स्वयंपाकघर म्हणून कोपऱ्यात एक चौकोन काढला होता. मावशीने गोठा काढलाच नव्हता, पण माजघराला लागून एक अंधारी खोली काढून तिथे ‘बाळंतिणीची खोली’ असे लिहिले होते. मामा म्हणाले, “अशी खोली नव्हतीच आपल्याकडे. ती धान्याची खोली.” दोघांचेही खरे होते, कारण खोली एकच होती. सुगीनंतर तिथे पोती रचली जात, आणि घरात बाळंतपण निघाले की पोती हलवून बाज टाकली जाई. मामांनी त्या दिवसांत तिकडे पाऊलच ठेवले नव्हते.

ज्या जागी नकाशे जुळत नाहीत ती जागा खडूने अधोरेखित करावी, कारण तुमचे चित्र तिथे आहे. जिथे सर्वांचे एकमत असते तिथे बहुधा सांगण्यासारखे काही नसते. झरीना हाश्मी या चित्रकर्तीने अलीगढमधील आपल्या वडिलांच्या घराचा आराखडा ‘फादर्स हाऊस १८९८–१९९४’ या छापचित्रात मांडला आणि त्यात उर्दू शब्द लिहिले. त्यात माणूस नाही, फर्निचर नाही, केवळ रेघा आणि अक्षरे आहेत. तरीही ते एका कुटुंबाचे चित्र आहे, कारण कोणती रेघ ठेवायची हे त्या घरात वाढलेल्या माणसाने ठरवले आहे.

दुसरी पायरी : एक प्रश्न ठरवणे

‘आमचे घर’ हा विषय चित्रासाठी फार मोठा आहे. नकाशांतून सापडलेल्या विसंगतीला एका वाक्याचा प्रश्न करावा आणि तो कागदावर लिहून कामाच्या टेबलासमोर लावावा. माझा प्रश्न होता : ती खोली कोणाची होती? मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माझ्या एका मैत्रिणीचा प्रश्न होता की दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे झोपत, तर मधली भिंत कुठे होती. तिने अर्थातच साड्यांच्या पडद्यांवर काम केले. पुढे प्रत्येक वस्तू या प्रश्नासमोर धरून पाहायची आणि तिचा त्याच्याशी संबंध नसेल तर ती कितीही सुंदर असली तरी परत ठेवायची. हे सांगायला सोपे आहे, परंतु आजीची दातवणाची पितळी डबी परत ठेवताना माझा जीव खाली-वर झाला होता.

तिसरी पायरी : जमवणे, नोंदवणे आणि प्रत काढणे

या पायरीत एकच नियम पक्का पाळावा : मूळ वस्तू चित्रात वापरायची नाही. फोटो, पत्र, रेशनकार्ड, सातबाऱ्याचा जुना उतारा, लग्नपत्रिका यांची प्रत वापरावी आणि मूळ कागद जसाच्या तसा ठेवावा. गोंद एकदा लागला की मागे येता येत नाही, आणि कुटुंबाचा कागद एकट्याच्या मालकीचा नसतो.

फोटो स्कॅन करताना किमान ६०० डीपीआय (एका इंचात ६०० ठिपके) ठेवावे, म्हणजे लहान फोटोतील चेहरा मोठा करता येतो. स्कॅनर नसेल तर उत्तरेकडील खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, फोन फोटोला अगदी समांतर धरून प्रत काढावी. चिकट पानांच्या आणि वर प्लास्टिक असलेल्या अल्बममधले फोटो पानाला घट्ट बसलेले असतात. ते नखाने उचकटू नयेत. दात साफ करण्याचा बारीक दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे सरकवला तर बहुतेक फोटो सुटतात. जो सुटत नाही तो तसाच ठेवून वरूनच प्रत काढावी.

नावे लिहिण्याचे काम याच वेळी उरकावे. जुन्या कागदी फोटोंच्या पाठीवर मऊ पेन्सिलने, कडेला, दाब न देता लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाईही उतरते. नंतरच्या गुळगुळीत पाठीच्या रंगीत फोटोंवर पेन्सिल उठत नाही, म्हणून त्यांची नावे पाकिटावर लिहावीत. आमच्या घरच्या समूहचित्रांत पुढे बसलेल्या सर्व पुरुषांची नावे कोणीतरी पूर्वीच नोंदवून ठेवली होती आणि मागे उभ्या बायकांपैकी दोघींची नावे आता कोणालाच सांगता येत नाहीत. तुमच्या घरी ती सांगणारे कोणी असेल तर हा लेख वाचून होण्याची वाट न पाहता आधी त्यांना फोन करावा.

घरात मोडी लिपीतील कागद असतील तर वाचून घेतल्याशिवाय चित्रात घेऊ नयेत. मोडीची वळणे देखणी असतात आणि नुसती नक्षी म्हणून ती वापरण्याचा मोह होतो, परंतु तो कागद कर्जरोखा असू शकतो किंवा भावाभावांतील तंट्याचाही. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांच्या आसपास मोडी वाचणारी जाणकार मंडळी भेटतात. पत्रांच्या बाबतीतही असेच आहे. ज्यांचे खाजगी बोलणे त्यात आहे ती व्यक्ती किंवा तिची मुले हयात असतील तर त्यांना विचारावे, आणि नकार आला तर तो मानावा. गट नंबर, खाते क्रमांक आणि पत्ता हे तर प्रतीवर झाकूनच टाकावेत.

चौथी पायरी : ठसे घेणे

जी वस्तू उचलून आणता येत नाही किंवा चित्रात बसत नाही, तिचा घासून ठसा घेता येतो. उंबरठ्याचा झिजलेला भाग, जात्याची टाकी लावलेली पाळ, दाराची कडी, खांबावर मुलांच्या उंचीच्या केलेल्या खुणा, हे सर्व कागदावर आणता येते. माझ्या मते या संपूर्ण कामातील सर्वांत मोलाची पायरी हीच आहे, आणि हिला खर्च जवळजवळ नाही.

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची रीत होती. लग्नात किंवा बारशाला दिलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि साल ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेले असते. असे भांडे घ्यावे. ते चिंचेने किंवा पावडरने चकचकीत घासू नये, कारण खोबणीतील काळा थर निघाला की अक्षर पुसट होते. कोरड्या कापडाने धूळ तेवढी पुसावी. पतंगाचा किंवा त्यासारखा पातळ कागद अक्षरांवर ताणून कागदी चिकटपट्टीने चारही बाजूंनी पक्का करावा. ६बी पेन्सिल आडवी धरून, तिच्या टोकाने नव्हे तर बाजूने, एकाच दिशेने हलके घासत जावे. गोल भांड्यावर एका वेळी दोन बोटे रुंदीचाच भाग घ्यावा, मग कागद न हलवता भांडे फिरवावे. दिशा बदलली किंवा कागद सरकला की अक्षरे दुहेरी उठतात आणि पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

आमच्याकडच्या घंगाळावर ‘मामाकडून’ असे आहे, हे मी लहानपणापासून ऐकत होते. ठसा घेताना कागदावर हळूहळू अक्षरे वर आली आणि ‘मा’च्या जागी ‘मी’ची वेलांटी आणि तिच्यावर एक ठिपका उमटला. मजकूर ‘मामींकडून’ असा होता. राखेने घासून घासून डोळ्यांना न दिसणारी झालेली वेलांटी शिशाला सापडली. भांडे मामींनी दिले होते, आणि साठ वर्षे घरात नाव मात्र मामांचे घेतले जात होते.

ठशाचा कागद हात लागून काळा पडतो. त्यावर फिक्सेटिव्हचा, म्हणजे पेन्सिलची भुकटी कागदाला धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, हलका फवारा मारावा आणि वाळल्यावर त्याचीही प्रत काढून ठेवावी.

पाचवी पायरी : फलक आणि मातीची जमीन

ताणलेला कॅनव्हास या कामासाठी योग्य नाही, कारण माती आणि कापडाच्या वजनाने तो झोळ खातो. आठ-नऊ मिलिमीटरचा, पाण्याला टिकणारा प्लायवूड घ्यावा. त्याची पुढची, मागची आणि कडांची बाजू पांढऱ्या प्रायमरने दोनदा लिंपावी. मागची बाजू दुसऱ्या कोणाला दिसणार नाही म्हणून सोडली तर फलक पहिल्याच पावसाळ्यात वाकतो.

घराची माती मिळत असेल तर ती आणावी, पण जशीच्या तशी लावू नये. ती दोन दिवस कडक उन्हात वाळवून, कुटून, आधी पिठाच्या चाळणीतून आणि मग जुन्या धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ करावी. एक वाटी मातीला दोन वाट्या ॲक्रिलिक मॅट मीडियम (रंगात मिसळायचे, वाळल्यावर न चमकणारे चिकट द्रव्य) घालून श्रीखंडाइतके दाट करावे आणि रुंद पात्याने पातळ थर द्यावा. एक थर पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा. एकदम जाड थर दिला की वाळताना भेगा पडतात. भेगा हव्या असतील तर गोष्ट वेगळी. माझ्या चित्रात त्या खोलीच्या भिंतीसाठी मी मुद्दाम तीन मिलिमीटरचा थर दिला आणि तो हवा तसा तडकला.

शेण, धान्य आणि कणकेची खळ या तीन गोष्टींबद्दल सावध राहावे. माझ्या पहिल्या चित्रात मी उत्साहाने शेणाचे सारवण केले, वर खऱ्या ज्वारीचे दाणे बसवले आणि सगळे मैद्याच्या खळीने चिकटवले. गणपती येईपर्यंत सारवणावर करडी बुरशी धरली होती आणि दिवाळीला ज्वारीतून टोके किडे बाहेर पडले. पुस्तके बांधणारे लोक खळीत मोरचूद घालतात ते किडीपासून बचाव म्हणूनच. मोरचूद विषारी असल्याने त्यासाठी भांडे आणि चमचा वेगळा ठेवावा, आणि घरात लहान मुले असतील तर तो मार्गच सोडावा. दाण्यांऐवजी ओल्या मातीत दाणे दाबून त्यांचे ठसे उठवावेत आणि दाणे काढून घ्यावेत. दिसायला ते अधिक चांगले दिसते, कारण जागा राहते आणि धान्य संपलेले असते.

रंगांपैकी गेरू आणि चुना भरवशाचे आहेत. हळद उन्हात उडते. शंका असेल तर कोणताही घरगुती रंग कागदाच्या पट्टीवर लावावा, अर्धी पट्टी पुठ्ठ्याने झाकून महिनाभर खिडकीत ठेवावी आणि मग दोन्ही अर्ध्या भागांची तुलना करावी.

सहावी पायरी : फोटो उतरवणे

फोटोची प्रत कापून सरळ चिकटवली तर ती चित्रावर तरंगत राहते. त्याऐवजी केवळ शाई मातीच्या थरावर उतरवता येते, आणि मग चेहरा भिंतीतून वर आल्यासारखा दिसतो. यासाठी फोटोची आरशातील प्रतिमेसारखी उलटी केलेली लेझर प्रत साध्या कागदावर काढून घ्यावी. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई पाण्यात फुटते, म्हणून ती या कामाला चालत नाही.

जिथे प्रतिमा हवी तिथे ॲक्रिलिक जेल मीडियमचा (मीडियमचाच दाट प्रकार) सायीसारखा थर द्यावा, प्रतीची शाईची बाजू खाली करून ठेवावी आणि जुन्या एटीएम कार्डाने मध्यापासून बाहेर दाबत हवा काढावी. रात्रभर, पावसाळ्यात दोन रात्री, वाळू द्यावे. नंतर पाठीवर ओला स्पंज ठेवून कागद भिजवावा आणि बोटाच्या टोकाने गोल गोल चोळावे. कागदाचे तंतू कणकेच्या वळ्यांसारखे निघतात. एका दमात सर्व कागद काढण्याची घाई करू नये, कारण वाळल्यावर पुन्हा पांढरी साय दिसते आणि पुन्हा भिजवून चोळावे लागते. असे तीन-चार वेळा होते. शेवटची पुसट साय मीडियमच्या पातळ हाताने नाहीशी होते. मातीचा थर फार खडबडीत असेल तर आधी त्या जागेवर मीडियमचा एक हात देऊन ती गुळगुळीत करून घ्यावी.

काही ठिकाणी शाई कागदाबरोबर निघून येतेच. माझ्या हातून आजीच्या डाव्या खांद्याजवळचा भाग गेला. तो ब्रशने भरून काढावा असे वाटते, पण भरू नये. भरलेला भाग कायम भरलेलाच दिसतो. तसेच नवा कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुना दाखवण्याची हल्ली जी टूम निघाली आहे तिचाही मला कंटाळा आहे. प्रत ही प्रत म्हणूनच दिसू द्यावी.

निरनिराळ्या काळातील माणसे एका चौकटीत आणण्याची मुभा या पद्धतीत आहे. चित्रकार विवान सुंदरम यांनी २००१-०२ साली, आपली मावशी चित्रकर्ती अमृता शेर-गिल हिच्यावरच्या ‘री-टेक ऑफ अमृता’ या मालिकेत, आपले आजोबा उमराव सिंग शेर-गिल यांनी काढलेले कौटुंबिक फोटो संगणकावर जुळवून, प्रत्यक्षात कधी एकत्र न आलेले क्षण एकत्र आणले. अशी जुळवाजुळव करताना ती का केली हे स्वतःला सांगता आले पाहिजे. मी मामांचा दहा वर्षांचा असतानाचा फोटो त्या खोलीच्या दारात उतरवला, जिथे ते कधी उभे राहिले नव्हते.

सातवी पायरी : मांडणी

कायमचे चिकटवण्यापूर्वी कापड, ठसे, अक्षरे सर्व काही नुसते ठेवून पाहावे आणि निदान आठवडाभर तसेच राहू द्यावे. रोज एक बदल करून वरून फोटो काढावा. तो फोनवर कृष्णधवल करून पाहिला की कुठे नुसता गडदपणा साचला आहे ते कळते. निम्म्या वस्तू या आठवड्यात बाहेर जातात. आराखड्याच्या रेघा सर्वांत खाली असू द्याव्यात. मी तिन्ही नकाशे एकमेकांवर उतरवले : आईचा गेरूने, मामांचा कोळशाने आणि मावशीचा दोऱ्याने. जिना दोन ठिकाणी येतो, तो तसाच ठेवला.

आठवी पायरी : कापड आणि दोरा

सुती लुगडे कोमट पाण्यात धुऊन त्यातील खळ काढावी आणि उलट बाजूने इस्त्री करावी. जुने रेशीम घडीवर फाटते, म्हणून ते धुऊ नये आणि ताणूही नये. पातळ कापडातून गोंद वर येतो आणि वाळल्यावर डाग धरतो. यासाठी मी कापड आधी जाड सुती अस्तरावर शिवून घेते आणि अस्तराच्या केवळ कडा फलकाला चिकटवते. टाके साधे धावदोऱ्याचेच असावेत. फलकातच टाका हवा असेल तर एक मिलिमीटरच्या ड्रिलने आधी छिद्रे पाडून घ्यावीत.

अमेरिकन चित्रकर्ती फेथ रिंगगोल्ड यांनी १९८० साली पहिली गोधडी आपल्या आईबरोबर शिवली आणि पुढे गोधडीवर मजकूर लिहून कथा सांगितल्या. हा आईबरोबरचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. शक्य असेल तर टाके घरातील दुसऱ्या कोणाकडून घालून घ्यावेत. प्रत्येकाच्या हाताचा टाका वेगळा असतो, आणि आमच्या चित्रातील मावशीचा नकाशा मावशीनेच शिवला आहे. चष्मा लावून, खालच्या ओठावर दात रोवून, ती एका दुपारी बसली आणि त्या खोलीच्या चौकोनापाशी आल्यावर तिने दोरा दुहेरी घेतला. मी का म्हणून विचारले नाही.

नववी पायरी : अक्षर

मजकूर कमीत कमी असावा. घरातील माणसाच्या हस्ताक्षरातील एखादा शब्द ट्रेसिंग पेपरवर गिरवून कार्बनने उतरवला तर छापील परिच्छेदापेक्षा अधिक बोलतो. झरीना यांच्या १९९९ सालच्या ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ या मालिकेत ३६ लाकूडठसे आहेत आणि प्रत्येकाशी एक उर्दू शब्द जोडलेला आहे. मराठीत उंबरठा, ओसरी, सोपा, माजघर, परसू, कोनाडा, माळवद असे शब्द असताना ‘आठवणी’, ‘मायेची सावली’ असले शब्द चित्रावर कशाला लिहावेत? मी चित्रात दोनच गोष्टी लिहिल्या : ‘पोती ४०’ हा मामांच्या वहीतील आकडा, आणि आईने पत्रात लिहिलेला ‘शेक’ हा शब्द. दोन्ही एकाच चौकोनात आहेत.

दहावी पायरी : संरक्षण आणि पाकीट

पूर्ण वाळल्यावर, म्हणजे निदान आठवड्याने, मॅट व्हार्निशचे दोन पातळ हात द्यावेत. कापडावर व्हार्निश लावू नये. काचेच्या चौकटीत चित्र आणि काच यांमध्ये किमान एक सेंटीमीटर अंतर ठेवणारी पट्टी बसवून घ्यावी, नाहीतर दमट हवेत कापड काचेला चिकटते. चित्र पावसाचा मारा येणाऱ्या भिंतीवर किंवा थेट उन्हात लावू नये, आणि चौकटीच्या मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यांत बुचाचे लहान तुकडे लावले तर भिंत आणि चित्र यांमधून हवा खेळते. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या साफसफाईत, चित्र उतरवून मागे वाळवीची रेघ किंवा कसर नाही ना हे पाहावे.

चौकटीच्या पाठीवर एक मोठे पाकीट चिकटवावे. त्यात वापरलेल्या द्रव्यांची यादी, फोटोतील माणसांची नावे, कोणते मूळ कागद कोणाकडे आहेत याची नोंद आणि सर्वांनी काढलेल्या नकाशांच्या प्रती ठेवाव्यात. पाकिटाचे तोंड मात्र बंद करू नये. चित्र घरी लावल्यानंतर तीन आठवड्यांनी मामा आले, बराच वेळ पाहत उभे राहिले आणि मग त्यांनी मागचे पाकीट मागितले. खिशातील पेन्सिल काढून त्यांनी आपल्या नकाशाच्या प्रतीवर, त्या खोलीत, पोत्यांच्या शेजारी एक बाज काढली. जिना मात्र उजवीकडेच होता असे ते अजूनही म्हणतात.